कातडं जगतं कशावर?

खामगाव

प्रिय मैत्रिणीस,


अल्बनीला राहतेस म्हणून एक काम सांगते. तुझ्या शेजारच्या ट्रॉयमध्ये रेन्सेलर पॉलिटेक्निक आहे ना, तिथल्या पंकज करांडे यांच्या गटाने येलच्या मंडळींसोबत २०१९ मध्ये रक्तवाहिन्यांसकट माणसाचं कातडं छापलं. हो बाई, छापलं! थरावर थर चढवणारं यंत्र, आणि शाई जिवंत पेशींची.

नुसतं कातडं वाढवणं जुनंच. वरच्या थराच्या पेशी १९७५ मध्येच बशीत वाढवून झाल्या होत्या. अडतं ते पुढे. रुग्णाच्याच मांडीचं पातळ कातडं जखमेवर लावलं की पहिले एक-दोन दिवस ते जखमेच्या ओलाव्यावर तगतं. मग खालच्या केशवाहिन्या त्याच्या केशवाहिन्यांना जुळतात आणि ते गुलाबी दिसू लागतं. ड्रेसिंग सोडताना तो रंग दिसला की आम्ही सिस्टर मंडळी हुश्श करायचो. आंब्याचं कलम जसं खुंटाचा रस मिळाला तरच धरतं, तसंच हे. प्रयोगशाळेतल्या कातड्यात जुळायला वाहिन्याच नसतात, मग बरेचदा ते गळून पडतं. आणि निम्मं अंग भाजलेल्या बाईची मांडी तरी कुठे शाबूत असते?

करांडे यांच्या शाईत काय काय होतं बघ: नाळेच्या रक्तातून मिळवलेल्या, वाहिन्यांचं अस्तर होणाऱ्या पेशी, वारेतल्या पेशी आणि उंदराच्या शेपटीचं कोलॅजन. नाळ-वार म्हणजे प्रसूतीनंतर आपण टाकून देतो तोच माल! उंदरावर लावल्यावर चार आठवड्यांत त्याच्या रक्तवाहिन्या यातल्या वाहिन्यांना जोडल्या गेल्या नि रक्त फिरू लागलं. पण ते उंदीर प्रतिकारशक्ती नसलेले. माणसाचं शरीर परक्या पेशींना असं घरात घेत नाही. त्यासाठी जनुकांत फेरफार करावे लागतील, असं तेच म्हणतात.

तोवर आपला भरवसा त्वचापेढीवर. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात २००० पासून आहे. तिथलं दान केलेलं कातडंही काही आठवड्यांत शरीर झिडकारतं, पण तेवढ्यात जखम झाकली जाते, अंगातलं पाणी जात नाही, जंतू शिरत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ-मांड्यांवरून जेमतेम पापुद्रा काढतात. तरी नेत्रदानाला तयार होणारे आपले लोक इथे कचरतात, 'देह विद्रूप दिसेल' म्हणतात. मला तर याचाच जास्त राग येतो.

तर काम एवढंच: ट्रॉयला गेलीस तर विचार, उंदरापुढे गाडी कुठवर आली. लांबलचक उत्तर लिही. शेगावची कचोरी मात्र पोस्टाने येत नाही, त्यासाठी तुलाच यावं लागेल.

तुझी मैत्रीण