पाच तासांचे अंतर

मुलांनो, तुमच्या नात्यातले किंवा मोहल्ल्यातले कोणी ना कोणी हजसाठी किंवा नोकरीसाठी सौदी अरेबियाला गेलेले असेल. मुंबईहून जेद्दा किती दूर आहे, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

नकाशा उघडा. मुंबई आणि जेद्दा येथील विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. पूर्वी हजयात्रेकरू मुंबईहून जहाजाने जात. जहाज अरबी समुद्र ओलांडून एडनच्या आखातातून तांबड्या समुद्रात शिरे. वाटेत कितीतरी दिवस जात. ही जहाजे १९९५ साली बंद झाली. आता विमान पाच-साडेपाच तासांत तेथे पोहोचते.

घड्याळाची गंमत तर पुढेच आहे. सकाळी दहा वाजता मुंबईहून निघालेले विमान साडेपाच तासांनी उतरले, तर आपल्या घड्याळात साडेतीन वाजतात. पण जेद्दाच्या घड्याळात एकच वाजलेला असतो! असे का होते? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तर सौदी अरेबियाची ४५ अंश पूर्व रेखांशावरून. फरक ३७.५ अंशांचा. त्याला चाराने गुणा. उत्तर येते १५० मिनिटे, म्हणजेच अडीच तास.

परतीचा प्रवास मात्र लवकर संपतो. आकाशात खूप उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते विमानाला मागून रेटा देतात. त्यामुळे अर्धा-पाऊण तास वाचतो.

माझे भाईजान जेद्दाला नोकरी करीत. रमजानमध्ये आमचा इफ्तार होऊन दोन-सव्वादोन तास झाले, की अम्मी घड्याळाकडे पाहून म्हणायची, “आता तिकडे मगरिबची अजान होत असेल.” अम्मी शाळेत गेली नव्हती, पण हा हिशोब तिला पाठ होता.

एके दिवशी अब्बा अचानक वारले. भाईजानना लगेच कळवले. पण सुट्टी, परवाना आणि विमानातली जागा मिळण्यात तीन दिवस गेले. ते आले, तेव्हा दफनविधी होऊन गेला होता. कब्रस्तानात ते बराच वेळ गप्प उभे होते. मग हळूच म्हणाले, “विमानाला पाच तासही लागले नाहीत. मला मात्र तीन दिवस लागले.”

तेव्हा मला समजले, की दूर गेलेल्या माणसाचे अंतर केवळ किलोमीटरने मोजता येत नाही.

मुलांनो, तुमचे कोणी असे दूर असेल, तर त्यांना आजच फोन करा. फक्त त्याआधी तिकडे किती वाजले आहेत, याचा हिशोब करायला विसरू नका.