जग बुडाल्यावरचा वाटसरू

आमच्या चिरंजीवांना शाळेच्या स्नेहसंमेलनात वेश घ्यायचा होता तो जग बुडाल्यावर एकटाच उरलेल्या वाटसरूचा! २०१५ सालच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ या चित्रपटाचे हे वेड. त्यातल्या वेशभूषेला ऑस्कर मिळाले. आमचे भांडवल म्हणजे माळ्यावरची अडगळ.

गोणपाट चहाच्या पाण्यात उकळून मळकट केले. सायकलच्या फुटक्या ट्यूबचे पट्टे कापले. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून, धारदार कडा आत दुमडून, खांद्यावरचे चिलखत झाले. मग माझा जुना सदरा घेऊन मी मोठ्या हौसेने त्याची कोपरे पॉलिशपेपरने झिजवू लागलो.

आई उंबऱ्याशी बसून पाहत होती. म्हणाली, “कोपरं कशाला घासतोस? चालणाऱ्याचा सदरा खांद्यावर विरतो, बोचक्याखाली. आणि धूळ पायांकडून वर चढते.”

“तुला गं काय ठाऊक?”

१९७२ च्या दुष्काळात अण्णा खडी फोडायच्या कामावर गेले होते, एवढेच मला माहीत. पुढचे आईने त्या दिवशी प्रथमच सांगितले.

“चार महिन्यांनी दारात उभे राहिले. मी ओळखलंच नाही रे. भिकारी समजून भाकरी आणायला आत गेले.”

मी मुकाट्याने खांदा घासू लागलो.

संमेलनात पोराला बक्षीस मिळाले नाही. घरी आल्यावर मात्र, त्याने वेश उतरवण्याआधीच, आईने त्याच्या हातावर भाकरी ठेवली.