घरपट्टीशी पंगा

मोबाइलच्या बिलात शंभर रुपये जास्त लागले की आपण काय करतो? लगेच कस्टमर केअर! ‘एक दाबा, दोन दाबा’ करत अर्धा तास त्या म्युझिकवर काढतो, पण शंभर रुपये सोडत नाही. हॉटेलात सर्व्हिस चार्ज दिसला की मॅनेजरला टेबलाशी बोलावतो. पण घरपट्टीचं बिल आलं की? गुपचूप भरतो आणि विषय संपवतो. सरकारी कागदावर छापलेला आकडा म्हणजे जणू पंचांगातला मुहूर्त, त्याच्याशी वाद कसला घालायचा?

तर मंडळी, घालायचा. आणि तो घालायला वकील, वशिला, ओळख, यातलं काहीही लागत नाही. लागतात ते दोन-तीन कागद, एक मोजपट्टी आणि (गावाकडं असाल तर) थोडी जास्त हिंमत. ही हिंमत का लागते, तेच सांगायचंय.

आमचं घर धाराशिव तालुक्यात, बेंबळीजवळच्या एका छोट्या गावात. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथं प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणी ना कुणी लागतो. बेंबळी म्हणजे आमचं मोठं गाव. पोलीस ठाणं तिथं, झेरॉक्स तिथं, फोटो काढायचा तर तिथंच. मी पुण्यात, भाऊ हैदराबादला आणि गावात आई एकटी. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीची नवी आकारणी झाली आणि आईचा फोन आला, ‘‘माय, घरपट्टी डबल झालीय गं.’’ पुढच्याच वाक्यात, ‘‘जाऊ दे, भरून टाकते.’’

आता थोडा फंडा क्लिअर करू. ग्रामपंचायत घरपट्टी लावते ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली. तिचा हिशोब आधी घराच्या चौरस फुटांवर व्हायचा. प्रकरण हायकोर्टात गेलं, ती पद्धत टिकली नाही आणि ३१ डिसेंबर २०१५ ला नियम बदलले. तेव्हापासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. म्हणजे तुमच्या जागेचा आणि बांधकामाचा रेडीरेकनरचा दर घ्यायचा, बांधकाम जितकं जुनं तितका घसारा वजा करायचा, वापर बघायचा (राहतं घर असेल तर गुणांक १, दुकान असेल तर १.२५) आणि येणाऱ्या रकमेवर दर हजारी कर लावायचा. आरसीसी घराला हा दर हजारामागे १ रुपया २० पैसे ते २ रुपये. मातीच्या घराला ३० ते ७५ पैसे. या मर्यादेत नेमका आकडा ग्रामपंचायत ठरवते, आणि साधारण दर चार वर्षांनी यादी नव्यानं होते.

म्हणजे बॉस, बिलातली रक्कम आकाशातून पडत नाही. ती चार-पाच गोष्टींवरून निघते : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर आणि दर. यातला दर तुमच्या हातात नाही. पण बाकीच्या चार गोष्टी तुमच्या घराबद्दल आहेत, आणि तुमचं घर तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

या चारही गोष्टी असतात ‘नमुना ८’ मध्ये. हे आकारणीचं रजिस्टर. (शेतीच्या सातबाऱ्याबरोबर मिळतो तो आठ-अ वेगळा, त्यात गल्लत नको.) नमुना ९ म्हणजे मागणीचं रजिस्टर, आणि नमुना १० म्हणजे पैसे भरल्याची पावती. लोक पावती जपून ठेवतात आणि आठचा उतारा मात्र कर्ज काढायचं असेल तरच मागतात. खरं तर सगळी गंमत त्या उताऱ्यातच आहे.

आमच्या उताऱ्यात लिहिलं होतं : क्षेत्र ८८ चौरस मीटर, आरसीसी, बांधकाम वर्ष २०११.

आता आमचं घर बघा. पुढच्या तीन खोल्या बाबांनी २०११ मध्ये बांधल्या. स्लॅबच्या, ४२ चौरस मीटर. मागचं घर आजोबांचं, ४६ चौरस मीटर. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर एकेकाळी माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागात माणसं मेली ती भूकंपापेक्षा डोक्यावरच्या माळवदाच्या ओझ्यानं, असं आजोबा सांगायचे. आमचं घर पडलं नाही, तडे गेले. आजोबांनी माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. भिंती त्याच राहिल्या. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीच्या मातीच्या भिंती आणि पत्रे, रजिस्टरमध्ये सरसकट २०११ चं आरसीसी झाले होते! पुढून बघितलं तर स्लॅबच दिसतो, हे खरं. पण कर काही फक्त पुढच्या बाजूला लागत नाही.

यानं फरक किती पडतो? समजण्यापुरते गोल आकडे घेऊ, कारण दर गावागणिक वेगळे असतात. समजा जमिनीचा दर चौरस मीटरला ३०० रुपये, आरसीसीचा १५,०००, आणि घसाऱ्यानंतर त्यातले ८० टक्के धरायचे. म्हणजे मीटरमागे १२,३००. गुणिले ८८, झाले १० लाख ८२ हजार ४००. दर दीड रुपया धरला तर कर १,६२४ रुपये.

आता खरं घर मांडू. आरसीसी फक्त ४२ मीटर : ५ लाख १६ हजार ६००, कर ७७५. मागच्या मातीच्या घराला समजा दर ६,०००, जुनं म्हणून त्यातले ४० टक्के, अधिक जमीन, म्हणजे मीटरमागे २,७००. गुणिले ४६, झाले १ लाख २४ हजार २००. साठ पैशांनी त्याचा कर जेमतेम ७५. एकूण साधारण ८५०. म्हणजे जवळपास निम्मा!

‘एवढ्यानं काय होतंय? एका मल्टिप्लेक्सच्या वीकेंडचे पैसे!’ असं तुम्ही म्हणाल. मीही कॉफी पिताना हेच म्हटलं असतं. पण हे दरवर्षी आहे, आणि सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या बाईसाठी आहे. शिवाय आईचा प्रश्न पैशांचा नव्हताच. ती म्हणाली, ‘‘सातशे रुपयांसाठी कुणाशी वाकडं घ्यायचं? उद्या रात्री काही झालं तर तू येणारैस का पुण्याहून? हीच माणसं येणार.’’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शहरात आपण पोर्टलवर तक्रार टाकतो, समोर चेहरा नसतो. पुण्यात स्वतः राहत्या घराची ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोकांनी पीटी-३ चे अर्ज भरले आणि विसरून गेले. मुंबईत तर भांडवली मूल्याच्या नियमांचं भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये महापालिका हरली. तिथं कुणी म्हणालं नाही, ‘वाकडं कशाला?’ गावात मात्र रजिस्टर लिहिणारा हात आणि पाणी सोडणारा हात ओळखीचा असतो. त्याच्याविरुद्ध ‘अपील’ हा शब्दच भांडणासारखा वाटतो.

म्हणून आम्ही तो शब्द वापरला नाही. साधा एका पानाचा अर्ज केला. विषय : नमुना ८ मधील नोंद दुरुस्त करणेबाबत. त्यात कुणाची चूक, कुणामुळे, असलं काही नाही. फक्त तीन ओळी : पुढचं बांधकाम इतकं, या वर्षाचं. मागचं बांधकाम इतकं, या प्रकारचं. प्रत्यक्ष मोजणी करावी ही विनंती. सोबत आजोबांच्या काळातल्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मागच्या घराचे फोटो आणि जुना उतारा. दोन प्रती, एकीवर पोहोच. पोहोच घेतली नाही तर अर्ज दिलाच नाही, हे नोकरीत असतं तसंच इथंही.

आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज. उताऱ्यावर नाव अजून बाबांचंच होतं. आईनं तीस वर्षं त्या भिंती सारवल्या, पण कागदावर ती कुठंच नव्हती. सरकारनं २००३ मध्येच ग्रामपंचायतीकडची घरं नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितलं होतं. आमच्याकडं ते राहून गेलेलं. मग वारस नोंदीचा अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. तिथं एकानं आईला सहज सुचवलं, ‘‘पोरीचं कशाला घालता? ती जाणार दुसऱ्याच्या घरी.’’ इतका वेळ ‘जाऊ दे’ म्हणणारी माझी आई म्हणाली, ‘‘तिनंच तर कागद आणलेत. तिघांचं लावा.’’

मोजायला दोघं आले, तेव्हा आईनं आधी चहा दिला आणि मग मागची भिंत दाखवली. पोपडा काढून आतली पांढरी माती दाखवली. टेप लागला, आकडे लिहिले, मासिक सभेत विषय आला आणि नोंद दुरुस्त झाली. कुणी रुसलं नाही. उलट शेजारच्या काकू आपला उतारा घेऊन आल्या, ‘‘हे बघ गं, यात काय लिवलंय?’’

समजा नाही म्हटलं असतं, तर? मग रीतसर रस्ता आहे. नवी यादी लागते तेव्हा ती सगळ्यांना बघायला ठेवून हरकती मागवतात, ती पहिली संधी. त्यानंतर आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडं अपील, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं. मुदतीचं बंधन असतं, म्हणून बिल हातात आलं की तारीख लिहून ठेवा. आणि वाद चालू आहे म्हणून कर थांबवू नका. सप्टेंबरअखेर भरलं तर ५ टक्के सूट, वर्षात भरलंच नाही तर ५ टक्के जास्त. शिवाय ग्रामपंचायतीची मागणी आल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस सदस्य म्हणून अपात्र ठरू शकतो. म्हणजे वहिनींना उद्या सरपंच व्हायचं असेल, तर आज पावती हवी!

एक मात्र लक्षात ठेवा : नमुना ८ वर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. तो कराचा कागद आहे. गावठाणाच्या मालकीसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातायत, तीही मागून घ्या. पण ज्या घराला आठवर नाव नाही, त्या घरात विजेच्या मीटरपासून घरकुलापर्यंत प्रत्येक खिडकीवर ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न येतो. आईला आता तो येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा हुरड्याचे फोटो काढून झाले की एक काम करा. ग्रामपंचायतीत जा, ग्रामसेवकांना (२०२४ पासून म्हणायचं ग्रामपंचायत अधिकारी!) नमस्कार घाला आणि नमुना ८ चा उतारा मागा. पाच रकाने वाचा : नाव, क्षेत्र, प्रकार, वर्ष, वापर. सगळं बरोबर असेल तर बेस्ट, बिल निर्धास्त भरा. नसेल तर बेंबळीसारख्या गावातही झेरॉक्स मिळतं, आणि मोजपट्टी घरात असतेच.