एक जहाज, चार नावं

आपल्यापैकी बहुतेकांचा रेझ्युमे दोन पानांत आटपतो. आज ज्या रेझ्युमेबद्दल लिहितोय तो ४५ वर्षांचा आहे, आणि तोही एका जहाजाचा. 'आयएनएस दिल्ली'. आताची विनाशिका नव्हे हं, तिच्या आधीची क्रूझर.

जन्म इंग्लंडात, बर्कनहेडला. १९३२ साली पाण्यात उतरली, १९३३ मध्ये ब्रिटिश नौदलात रुजू. नाव 'एचएमएस अकिलीज'. मग न्यूझीलंडकडे बदली. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत समोर जर्मन 'ग्राफ स्पे' होती. तिच्या तोफा ११ इंची, हिच्या ६ इंची! हिचे चार जण गेले, पण आणखी दोन क्रूझर्सच्या साथीने ही भिडली. चार दिवसांनी जर्मन कप्तानाने मॉन्टेव्हिडिओबाहेर स्वतःचंच जहाज बुडवलं. १९४१ ला न्यूझीलंडचं स्वतंत्र नौदल झालं, ही 'एचएमएनझेडएस' झाली. १९४३ मध्ये ग्वादलकनालजवळ जपानी बॉम्बने एक तोफबुरूज निकामी केला. दुरुस्ती झाली, पुन्हा कामावर.

१९४८ ला भारताने ही घेतली. आधी 'एचएमआयएस दिल्ली', प्रजासत्ताक झाल्यावर 'आयएनएस'. १९५० मध्ये पंडित नेहरू हिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. १९५६ ला रिव्हर प्लेटवर इंग्रजी सिनेमा आला, त्यात अकिलीजची भूमिका कोणी केली? हिनेच! आणि डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी, दीवसमोर हिच्या तोफा पुन्हा बोलल्या.

हे सगळं डोक्यात घोळतंय कारण सध्या आमच्या भिवंडीच्या घरात एकच वाद चालू आहे. बाबांचे यंत्रमाग भंगारात काढायचे की नाही? माग तेव्हाही सेकंडहँडच घेतलेले, मुंबईतल्या बंद पडलेल्या गिरणीतले. भाऊ म्हणतो, किलोवर विकू आणि मोकळे होऊ. बाबा म्हणतात, "अरे, चालतोय ना अजून?" मी बापडा शनिवार-रविवारचा पाहुणा, दोघांचंही पटतं.

पण दिल्लीची गोष्ट वाचून एक कळलं. लोखंड आपोआप टिकत नाही. तिला प्रत्येक वेळी काम देणारं आणि दुरुस्त करणारं कोणीतरी होतं, म्हणून ती टिकली. आमच्याकडे कापडाला भाव नाही आणि धोटा बसवता येणारा मिस्त्री एकच उरलाय, तोही साठीचा. प्रश्न माग जुने झाले हा नाहीच मुळी. ऑफिसात एखादी जुनी सिस्टिम बंद करतानाही आपण वय मोजतो, तिला ओळखणारी माणसं मोजत नाही.

३० जून १९७८ ला मुंबईत दिल्ली निवृत्त झाली, नंतर तोडली गेली. तेव्हा कोणी रडत बसलं नाही, आणि सगळंच किलोवरही गेलं नाही. तिचा एक तोफबुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर उभा आहे. आणि नाव? ते १९९७ मध्ये माझगाव डॉकने बांधलेल्या नव्या विनाशिकेला मिळालं.

काय मोडायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवणारा शहाणा माणूस प्रत्येक घरात एक तरी हवा. असो.