एकाच लॉटमधल्या दोन डिस्क

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर हार्ड डिस्क घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: जास्त टिकेल ती कुठली? प्रश्न काळजीपोटी येतो. घरातल्या नॅसमध्ये, म्हणजे राउटरशेजारी अखंड चालू असणाऱ्या त्या दोन-चार डिस्कच्या पेटीत, काय ठेवायचं असतं? बेळगाव-साताऱ्याच्या घरातून आणून स्कॅन केलेले कागद, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेलं चित्रीकरण, कुणाच्या तरी फोनमध्ये उरलेला आजीचा आवाज. यातलं काहीही पुन्हा विकत मिळत नाही. तरीही मला वाटतं, प्रश्न बदलायला हवा. डिस्क आज ना उद्या जाणारच. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीने हेड तरंगत असतं आणि तिला न शिवता वर्षानुवर्षं वाचत राहतं. नवल वाटावं ते याचं. दुकानात विचारायचं ते एवढंच, की या दोन डिस्क एकदमच तर जाणार नाहीत?

या शंकेला आधार आहे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी १९८८ साली रेड (RAID) ही कल्पना मांडली: स्वस्त डिस्कचा गट करायचा, एक गेली तर बाकीच्यांवरून तिची भरपाई करायची. हिशेबात गृहीत असं, की प्रत्येक डिस्क आपापल्या वेळी, दुसरीशी संबंध नसताना बिघडते. पुढे २००७ मध्ये याच गिब्सननी बियांका श्रोडर यांच्याबरोबर सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदांवर सरासरी आयुष्य १० ते १५ लाख तास, म्हणजे वर्षाला शंभरात एकसुद्धा जाऊ नये; प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या. त्याहून मोलाचं निरीक्षण असं, की बिघाड घोळक्याने येतात: ज्या आठवड्यात जास्त डिस्क गेल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यातही जास्त जाण्याचा संभव. स्वतःच्याच कल्पनेतलं गृहीतक असं तपासून पाहणाऱ्या संशोधकाबद्दल मला फार आदर वाटतो.

घरच्या पेटीत तर सगळंच सामाईक असतं. एकाच लॉटमधल्या, एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्क एकाच दिवशी बसवल्या, तर त्यांची झीज बरोबरीने होते, उष्णता तीच आणि एप्रिल-मेच्या वळिवात वीज जाऊन-येऊन बसणारा धक्काही तोच. म्हणून दोन डिस्क दोन दुकानांतून, शक्य तर काही महिन्यांच्या अंतराने घ्याव्यात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, उदाहरणार्थ एक रेड प्लस (Red Plus) आणि एक आयर्नवुल्फ, अशी जोडी लावली तरी चालते. जोडी एकाच मॉडेलची हवी, नाहीतर वेग मार खातो, असा आक्षेप येतो. पण घरचं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या पुढे जात नाही आणि आजच्या मोठ्या डिस्क त्याहून जलद वाचतात. वेगातला तो फरक पेटीबाहेर पोचतच नाही. क्षमता मात्र सारखी असावी, कारण गट लहान डिस्कच्या मापाने बांधला जातो.

खरी कसोटी पहिली डिस्क गेल्यावर लागते. नव्या ८ टेराबाइटच्या डिस्कवर सगळं उतरवायला, सगळं सुरळीत झालं तरी, बारा-एक तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेली म्हातारी डिस्क एकटीने राबते. इथे एसएमआर पद्धतीची डिस्क घात करते. तिच्यात माहितीच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. बारा तासांचं काम मग कित्येक दिवस रेंगाळू शकतं. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड (Red) मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क अशाच असल्याचं एप्रिल २०२० मध्ये उघड झालं. ग्राहकांना ते आधी सांगितलेलंच नव्हतं. त्यानंतर कंपनीने सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेल्या, डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. तेव्हा मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात शोधून सीएमआर ही अक्षरं स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन्ही डिस्कवर तेच ते असतं, मग एवढ्या जागेसाठी दुप्पट पैसे कशाला, असं कुणी म्हणेल. त्यापेक्षा निम्म्या क्षमतेच्या दोन घ्या. चित्रपट परत मिळतात, त्यांच्यासाठी जागा राखायचं कारण नाही. पण जोडी लावली म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत मला अधिक धोक्याची वाटते. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. शिवाय दोन्हींचं घर एकच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं वाहून गेली. सप्टेंबर २०२२ च्या पावसात बेळ्ळंदूर, सर्जापूर रोडच्या वसाहतींत तळमजल्यापर्यंत पाणी चढलं. क्लाउड आहे, जरूर वापरावा. मात्र भाडं थकलं की जागाही जाते. तिसरी डिस्क दुसऱ्या गावी, नातेवाइकांच्या कपाटात हवी. बंद राहून ती खराब होईल ही भीती रास्त आहे, म्हणून दिवाळीला गावी गेलं की ती जोडायची, सगळ्या फाइली उघडतात का ते तपासायचं आणि वर्षभराची भर तिच्यावर घालायची. या कामाला नॅससाठीची महाग डिस्क लागत नाही, एसएमआरसुद्धा चालते. फक्त लॉट वेगळा असावा.