आईचा औषधांचा डबा

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी कोनाड्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. इंदूरच्या मराठी घरांत असा डबा नव्हता, असं एक तरी घर सांगा! अर्धवट पट्ट्या, सुट्या गोळ्या, कुठल्या कुठल्या पुड्या. "वहिनी, ताप वाटतोय," "काकू, पोट बिघडलंय," करत शेजारपाजारचे यायचे आणि आई रंगावरून गोळी काढून द्यायची. आम्हाला तिचं भारी कौतुक!

साठीनंतर बाबांचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी डायक्लोफिनॅक लिहून दिली. आराम पडला. चिठ्ठी हरवली, गोळी मात्र राहिली. ऑफिसातून येताना मीच पट्टी आणायचो. मेडिकलवाल्याला "भैया, बाबूजीवाली देना" एवढं म्हटलं की झालं. चिठ्ठीशिवाय विकू नये, असं पट्टीवर छापलेलं असतं. त्याने ते कधी वाचलं नाही, मीही नाही. पाच दिवसांची चार वर्षं झाली.

एका मे महिन्यात बाबांना जुलाब लागले. पोटात पाणी ठरेना. बीपीची गोळी आणि लघवीची गोळी मात्र नेमाने चालू, वर अंग दुखतंय म्हणून "गुडघ्याची" दोन-दोनदा. तिसऱ्या दिवशी लघवी जवळपास बंद. क्रिएटिनिन 5.8.

डॉक्टरांनी विचारलं, "और कोई गोली लेते हैं?" आम्ही एका सुरात, "नहीं, बस बीपी की." दुखण्याची गोळी औषधात धरायची असते, हे डोक्यातच नव्हतं! शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "गुडघ्याची घेतात की."

मग त्यांनी समजावलं. या गोळ्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. एरवी शरीर सांभाळून घेतं, पण अंगातलं पाणी गेलेलं, त्यात बीपीची आणि लघवीची गोळी, म्हणजे किडनीला सगळीकडून मार.

दोनदा डायलिसिस झालं. आता क्रिएटिनिन 2 च्या आसपास येऊन थांबलंय, खाली उतरत नाही. बाबा मला कधी बोलले नाहीत. उलट परवा म्हणाले, "तू आणायचास म्हणून तर चार वर्षं जिना चढलो रे." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

डबा आईने रिकामा केला. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या, "वहिनी, ती दुखण्याची गोळी आहे का हो?" आईने त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बीपीची कुठली घेता?"