मर्सिडीज, स्कॉर्पिओ आणि किराण्याची वही

ऑक्टोबर 2010. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या. साधारण 65 कोटींचा सौदा. त्यातलं 40 कोटींहून जास्त स्टेट बँकेचं कर्ज, व्याज 7 टक्के. देशभर बातमी झाली आणि 'मराठवाडा मागास कुठंय?' म्हणत आपण सगळ्यांनी कॉलर ताठ केली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र 12 टक्के आणि वर मोजावे लागतात, हे पी. साईनाथांनी त्याच वर्षी 'द हिंदू'त लिहिलं होतं. ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढं शेंद्रा-बिडकीनकडं जमिनी गेल्या, मोबदला आला. पोरांनी स्कॉर्पिओ घेतल्या. तेव्हा कॉलर कुणाचीच ताठ झाली नाही. चहाच्या टपरीवर एकच वाक्य, "पैसा पचला नाही." म्हणजे रोखीतली स्कॉर्पिओ उधळपट्टी आणि कर्जातली मर्सिडीज कर्तृत्व! काहींनी खरंच उधळले, नाही असं नाही. पण मर्सिडीजवाल्यांचे हप्ते मोजत कोण बसलं होतं?

माझ्या वडिलांचं वाळूजला, बजाजनगरात किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक कंपनीतले कामगार. पगार सात ते दहा तारखेला, त्यामुळं वीस तारखेनंतर सगळा कारभार वहीवर. कंत्राटी पोरांना सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळायचा. वाळूजमधल्या कुणालाही विचारा, हा शब्द सांगावा लागत नाही. ब्रेक मिळाला की पगार बंद, पण तेल-मीठ तर लागतंच.

हिंगोलीकडचा एक जण असाच ब्रेकमध्ये गावी गेला, वहीवर अडीच हजार ठेवून. शेजारचे दुकानदार म्हणाले, "गेले तुमचे पैसे, काका." वडिलांनी त्याचं पान फाडलं नाही. तो कापूस वेचून दिवाळीनंतर आला, आधी दुकानात आला आणि मग खोलीवर गेला. वडिलांच्या लेखी त्या दिवसापासून तो पक्का माणूस. वहीला ब्रेक कळायचा, कारण वही लिहिणाऱ्याला कळायचा.

आता वहीच्या जागी सिबिल आलंय. 300 ते 900 मधला एक आकडा. मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून मुलीकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी 2025 मध्ये तुम्हीही वाचली असेल. लोकांनी हसून फॉरवर्ड केली. मला नाही हसू आलं. पूर्वी सोयरीक करताना शेती, नोकरी विचारायचे, पण गावात चार जणांकडं चौकशीही करायचे. या आकड्याकडं चौकशी करायची कशी?

कारण तोच हिंगोलीचा माणूस. त्यानं एका फायनान्स कंपनीकडून मोटरसायकल घेतली होती. ब्रेकमध्ये दोन हप्ते चुकले, नंतर दंडासकट सगळं भरलं, एनओसी हातात आहे. यंदा मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. शैक्षणिक कर्जाला बाप सहकर्जदार लागतो. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीनकडं बघून सांगितलं, "तुमची सवय चांगली नाही हो." सवय! ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याला मुलीसमोर हे ऐकावं लागलं. बाहेर आल्यावर तो काहीच बोलला नाही, मुलगीच बोलत होती.

मग आम्ही त्याचा रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, तुम्हीही काढून बघा. त्यात फिटलेलं कर्ज अजून 'बाकी' दिसतंय. चुकलेले दोन हप्ते खरे आहेत, ते राहतील. पण 'बाकी' साफ खोटं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 30 दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई.

एनओसी जोडून तक्रार टाकली आहे. आज अठरावा दिवस. कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख त्याआधीच येतेय, म्हणून पहिला हप्ता आम्ही पाच-सहा जणांनी मिळून भरतोय. त्यानं वही आणलीय, कुणाचे किती ते लिहायला.